चूल, धूर आणि काटकसर

जुन्या मराठी घरातील चुलीला बहुधा एक वैल असे. चुलीच्या बाजूस, तिच्याशी आतून भोकाने जोडलेले हे दुसरे तोंड. मुख्य चुलीवर भाताचे आधण ठेवलेले असताना तिच्यातून निसटणारा जाळ या भोकावाटे वैलाखाली येई आणि त्यावर आमटीचे पातेले मंद उकळत राही. वैलासाठी निराळे लाकूड लावावे लागत नसे. जे जळण एका भांड्यासाठी पेटविले, त्यावरच दोन भांडी शिजावीत, एवढाच त्यामागील हिशेब. हा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही. तो सासूकडून सुनेकडे आला आणि पोतेऱ्याच्या हाताने दर पावसाळ्यानंतर नव्याने लिंपला गेला.

असाच हिशेब न्हाणीघरातही दिसतो. तांब्याच्या बंबाच्या पोटातून विस्तवाची नळी वर जाते व पाणी तिच्या भोवती चारही बाजूंनी असते. त्यामुळे बाहेरच्या हवेला ऊब देण्यापूर्वी विस्तवाला आपली बरीचशी उष्णता पाण्याला द्यावी लागते. गोव्यात व दक्षिण कोकणात न्हाणीच्या चुलीवर तांब्याचे भाण कायमचे बसविलेले असे. त्याखाली नारळाची सोडणे, करवंट्या व वाळलेल्या झावळ्या धुमसत. लाकूड चुलीसाठी राखावे आणि कचरा न्हाणीसाठी वापरावा, अशी ही जळणाची वाटणी होती. दूध गोवरीच्या मंद आचेवर तापे. रात्रीचे निखारे राखेखाली झाकले जात व सकाळी त्यांवरच चूल पेटे. डाळ आदल्या रात्री भिजत पडे आणि पातेल्यावरच्या झाकणात पाणी ठेवले जाई. ते पाणी तापले की तेच आमटीत ओतावयाचे. आज ज्याला ऊर्जेची बचत म्हणतात, तिचे कितीतरी धडे या जुन्या घरांत नित्याचे होते.

तथापि या चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. उघड्या चुलीत जळणाऱ्या लाकडाच्या उष्णतेपैकी भांड्यापर्यंत पोहोचते ती फार तर दहावा हिस्सा. वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. तीतील ३,६०० हवा, भिंती, राख आणि धूर यांच्या वाट्याला जातात. लाकूड ओले असेल तर आधी त्यातील पाणी आटविण्यातच विस्तवाची शक्ती खर्च होते. लाकडातून निघणारे वायू पुरेशा हवेअभावी पुरते जळत नाहीत व त्यांचाच धूर होतो. म्हणजे धूर हे वाया गेलेले इंधनच होय. जी चूल धुरकट, ती उधळी. ही गोष्ट शास्त्रज्ञांना कळावयास वेळ लागला. फुंकणी हाती घेऊन डोळे पुसणाऱ्या बाईला ती केव्हाच ठाऊक होती. फक्त तिला ती सांगण्याची सोय नव्हती.

या उधळपट्टीची किंमत सर्वांनी सारखी भरली असेही नाही. मराठवाड्यात व वऱ्हाडात तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या, कोकणात पातेरा व रानातील सरपण, डोंगराळ भागात मोळी. जळणाचे नाव प्रांताप्रांताला बदलले, पण ते गोळा करण्याचे, डोक्यावरून आणण्याचे व त्याच्या धुरात बसण्याचे काम बाईच्या वाट्यातून सुटले नाही. लहान मूल आईच्या मांडीवर वा पाठीशी असल्याने धुराचा वाटेकरी तेही झाले. घराच्या काटकसरीचा इतिहास हा असा श्रमाचा आणि श्वासाचाही इतिहास आहे.

विस्तव कोंडून त्याच्याकडून अधिक काम घेण्याची विद्या युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. काउंट रम्फर्ड या गृहस्थाने म्युनिकमध्ये १७९० च्या दशकात बंदिस्त चुली बांधून दाखविल्या व भांडे जाळात खोल बसविण्याचा फायदा लोकांसमोर मांडला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेतील एक पेटी लोकांनी पाहिली. उकळी आलेले भांडे तिच्या उबदार अस्तरात ठेवून झाकले, की विस्तवावाचून त्यातील अन्न शिजत राही. पुढे दोन्ही महायुद्धांच्या टंचाईत गवत भरलेल्या अशाच पेट्या युरोपातील घराघरांत वापरल्या गेल्या.

हिंदुस्थानात १९१० साली कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इक्मिक कुकर’ तयार केला. एका उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे, तळाशी थोडासा कोळसा व पाणी, आणि वाफेवर शिजणारा भात, वरण व भाजी. घटकाभर पाहावे लागू नये अशी ही रचना नोकरीनिमित्त एकटे राहणाऱ्यांना सोयीची वाटली. त्याच सुमारास स्वीडनमध्ये १८९२ साली जन्मलेला पंपाचा स्टोव्ह शहरांतून पसरू लागला. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत धुराडे कोठून आणावयाचे? स्टोव्हने तो प्रश्न सोडविला. मात्र जळण रानातून येण्याऐवजी आता परदेशातून, डब्यातून व नंतर शिधापत्रिकेवरून येऊ लागले. घरचा विस्तव प्रथमच जगाच्या बाजारभावाशी बांधला गेला.

ही गाठ ज्यांना खटकली, त्यांत वर्ध्याच्या मगनवाडीचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग व घर संघाला दिले आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेचे नाव मगनवाडी झाले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे कर्ते पुरुष. निसर्गातील जे साठे एकदा काढले की संपतात त्यांवर संसार उभारू नये, जे दरवर्षी नव्याने उगवते त्यावर उभारावा, हा त्यांच्या अर्थविचाराचा गाभा होता. त्या दृष्टीने मगनवाडीत रॉकेलऐवजी घाणीच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदील सिद्ध करण्यात आला. खेड्यातील तेल्याचा घाणा चालावा आणि खेड्यातील दिव्यासाठी पैसा बाहेर जाऊ नये, हा हेतू उघड होता.

याच संस्थेने १९४७ साली ‘मगन चूल’ लोकांपुढे ठेवली. मातीचीच चूल, पण जाळ बंदिस्त, एकापाठोपाठ एक भांड्यांची तोंडे आणि शेवटी धूर छपराबाहेर नेणारे धुराडे. वैलाचे तत्त्व येथे पुढे नेलेले दिसते. पहिल्या भांड्याखालून निसटलेला जाळ दुसऱ्याखाली, तेथून तिसऱ्याखाली, आणि जे उरले ते आकाशात. विटा व माती गावचीच, बांधणारे हातही गावचेच. स्वातंत्र्याच्या वर्षी देशापुढे किती मोठमोठे प्रश्न होते हे लक्षात घेता, काही माणसे चुलीचा विचार करीत बसली होती ही गोष्ट लहान नव्हे.

पुढचा अध्याय हैदराबादचा. तेव्हाच्या हैदराबाद राज्यात तेलंगण, कर्नाटकचे काही जिल्हे आणि मराठवाडा यांचा समावेश होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड व उस्मानाबाद यांचा कारभार हैदराबादेतूनच चाले. या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी चुलीचा प्रश्न हाती घेतला. धरणे, कालवे, चुना व काँक्रीट यांची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेने मातीच्या चुलीची परीक्षा करावी, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. १९५३ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक मद्रासहून प्रसिद्ध झाले. कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे हा त्याच्या नावाचाच आशय. धूर, काजळी, आच, नासाडी व आगीचे भय या पाच गोष्टींपासून गृहिणीची सुटका, असे आपल्या चुलीचे उद्दिष्ट राजूंनी मांडले.

ही ‘हैदराबाद चूल’ काटकोनात वळलेली असे. एका टोकाला जाळ घालण्याचे तोंड, वाटेत भांड्यांसाठी भोके आणि दुसऱ्या टोकाला धुराडे. भांडी भोकांत थोडी खाली उतरून बसत, म्हणजे केवळ बुडालाच नव्हे तर बाजूंनाही आच लागे. हवा व जाळ कमीजास्त करण्यासाठी सरकती झडप असे. धुराड्याचे काम लोकांना वाटते तसे केवळ धूर बाहेर टाकण्याचे नाही. तापलेली हलकी हवा वर चढते, तिच्या जागी नवी हवा जाळाच्या तोंडातून आत ओढली जाते व फुंकणीचे काम आपोआप होते. मात्र हाच गुण प्रमाणाबाहेर गेला की दोष बनतो. ओढ अधिक झाली तर उष्णता भांड्याशी न थांबता धुराड्यावाटे पळते. यास्तव झडपेचे महत्त्व. राजूंची चूल कागदावर सोपी दिसे, पण ती नीट चालणे भोकांची मापे, आतल्या वाटेची उंची आणि झडपेची हाताळणी या तिन्हींच्या मेळावर अवलंबून होते.

ग्रामविकासाची नवी योजना १९५२ साली देशभर सुरू झाली होती. तिच्याबरोबर निर्धूर चुलीचा प्रचारही खेड्यांत पोहोचला. प्रात्यक्षिके झाली, चुली बांधल्या गेल्या, आणि पुष्कळ ठिकाणी वर्षा-दोन वर्षांत मोडल्याही गेल्या. याचा दोष गृहिणीच्या अज्ञानाकडे देण्याची रीत त्या काळी होती. परंतु कारणे तपासली तर निराळेच दिसते. धुराडे काजळीने बुजते व ते वरचेवर साफ करावे लागते. गवती छपरातून धुराडे काढल्यास आगीची भीती असते आणि कौलारू छपरातून काढल्यास पावसाळ्यात गळती. तीन भोकांच्या चुलीवर एकच भांडे ठेवावयाचे असेल, तर उरलेली दोन भोके झाकली नाहीत म्हणजे धूर पुन्हा घरात. चुलीचे मोठे ओबडधोबड लाकूड लहान तोंडात जात नाही. ते फोडून बारीक करणे हे आणखी एक काम, आणि तेही बहुधा बाईच्याच अंगावर.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाकरीची. ज्वारीची भाकरी तव्यावर भाजून झाली की निखाऱ्यापुढे उभी करून फुगवावी लागते. बंदिस्त चुलीच्या अरुंद तोंडाशी ती उभी करावयाची कोठे? ज्या मुलखात दोन्ही वेळा भाकरी, तेथे गृहिणीने चुलीचे तोंड कोयत्याने मोठे केले तर त्यात नवल नाही. तोंड मोठे झाले की हवेचे सारे गणित बिघडे. मातीच्या जुन्या चुलीला आणखीही एक काम होते. तिच्या धुराने छपराचे वासे किडीपासून वाचत आणि आढ्याला टांगलेले बियाणे कोरडे राही. जळणाची बचत मोजणाऱ्याने हे दुसरे हिशेब मोजले नव्हते.

याच काळात दुसरी एक वाट शोधली जात होती. शेण जाळले तर खत जाते, आणि खत राखले तर चूल विझते, हा शेतकऱ्याचा जुना पेच. बंद टाकीत मैला कुजविला तर जळणारा वायू मिळतो, हे मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ सालीच दिसून आले होते. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे शेणवायू यंत्र सिद्ध केले आणि पुढील दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याच्या प्रसाराचे काम अंगावर घेतले. विहिरीसारख्या खड्ड्यात शेणकाला, त्यावर तरंगणारी लोखंडी घंटा, तिच्यात साठणारा वायू, आणि बाहेर पडणारी मळी शेताला खत. एकाच शेणातून जाळ आणि पीक दोन्ही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्यापासून खत करण्याचा जो ध्यास घेतला, त्याच परंपरेत पुढे देहू येथे डॉ. सुहास विठ्ठल मापुस्कर यांनी शौचालयाला वायुयंत्र जोडण्याचे काम अनेक वर्षे केले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. मात्र गोबरवायूला चार-पाच जनावरे, जागा व पाणी लागते. ज्याच्या दावणीला एकच गाय, त्याच्यासाठी ही वाट नव्हती, आणि जळणाची खरी चणचण त्याच्याच घरी होती.

शहरांची गोष्ट वेगळ्या अंगाने पुढे गेली. तुर्भ्याला तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहताच १९५५ साली मुंबईत नळकांड्यातील गॅस घरगुती वापरासाठी विकला जाऊ लागला. सरकारी मालकीच्या ‘इंडेन’ची सुरुवात १९६५ साली कलकत्त्यात झाली. १९५९ च्या सुमारास देशातच प्रेशर कुकर तयार होऊ लागले. दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, त्यामुळे तुरीची डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते. ही किमया १६७९ साली लंडनमध्ये देनी पापँ यांनी दाखविली होती. मराठी स्वयंपाकघरात ती येण्यास पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लागला. मग मात्र कुकरच्या शिट्ट्या हेच घराचे घड्याळ झाले. बडोद्यासारख्या नगरीत, जवळच नैसर्गिक वायू सापडल्याने, १९७० च्या दशकापासूनच नगरपालिकेचा वायू नळाने घरात येऊ लागला.

पण शहरी विस्तवही निर्वेध नव्हता. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली आणि लाटणी हाती घेतलेले मोर्चे रस्त्यावर आले. त्यांच्या मागण्यांत धान्य व तेलाबरोबर रॉकेलही होते. पुढच्याच वर्षी जागतिक तेलसंकट उद्भवले. रॉकेलच्या रांगा लांबल्या. तेव्हा सरकारलाही काटकसरीची आठवण झाली. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेच्या सहकार्याने ‘नूतन’ हा वातींचा सुधारलेला स्टोव्ह तयार केला. १९७८ साली तेलाच्या काटकसरीसाठी स्वतंत्र संघटना स्थापन झाली. झाकण ठेवा, उकळी आल्यावर आच कमी करा, डाळ भिजवा, हा तिचा घरगुती उपदेश होता. ज्या गोष्टी आजी न सांगता करीत होती, त्याच आता सरकारी पत्रकांतून छापून येऊ लागल्या.

खेड्यातील चुलीकडे देशाचे लक्ष पुन्हा वळले ते जंगलांच्या काळजीने. १९७५ साली एरिक एकहोम या अमेरिकन लेखकाने जळाऊ लाकडाच्या टंचाईला जगाचे दुसरे इंधनसंकट म्हटले, आणि गरिबाची चूल जंगल खाते असा समज दृढ झाला. पुढील अभ्यासांतून असे दिसले की घरचे सरपण बहुतांशी काटक्या, बांधावरची झुडपे व पिकांची ताटे यांतून येते. जंगल उठते ते मुख्यतः शेतीसाठी, इमारती लाकडासाठी व मोठ्या प्रकल्पांसाठी. परंतु तोवर चुलीवर आरोपपत्र दाखल झाले होते. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बांधल्या वा वाटल्या गेल्या. आकडा मोठा खरा, पण त्यांतील फार मोठ्या संख्येने चुली काही वर्षांतच निकामी झाल्या. अनुदान चूल बांधण्याला होते, ती चालविण्याला नव्हते.

याच काळात दोन गोष्टी अशा घडल्या की त्यांनी विचाराची दिशा बदलली. पहिली हरयाणातील नाडा या खेड्यात. तेथे १९८० च्या सुमारास मधू सरीन यांनी चुलीचा आराखडा बायकांच्याच हाती सोपविला. ज्यांना स्वयंपाक करावयाचा, त्यांनीच माप ठरवावे, त्यांनीच बांधावे आणि बांधण्याची मजुरीही त्यांनाच मिळावी. दुसरी गोष्ट गुजरातेतील. कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तेथील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मापनयंत्रे लावून त्यांच्या श्वासात जाणारा धूर मोजला. शहरातील हवेसाठी जी मर्यादा सुरक्षित मानली जाते, तिच्या कितीतरी पट धूर चुलीपुढे आढळला. हे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून चूल हा केवळ लाकडाचा प्रश्न राहिला नाही, तो फुप्फुसाचा व डोळ्यांचा प्रश्न झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुराने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. राजूंनी १९५३ मध्ये सुटकेच्या यादीत धूर पहिला मांडला होता. जगाला तो क्रम पटावयास तीस वर्षे लागली.

महाराष्ट्रात या कामाला शास्त्राची जोड देणाऱ्यांत डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेली ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था उल्लेखनीय आहे. उसाचे पाचट शेतातच जाळून टाकण्याची रीत. त्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या चुलीला वापरण्याची पद्धत संस्थेने बसविली व तिला २००२ साली ॲश्डेन पारितोषिक मिळाले. शेणाऐवजी खरकटे व पिष्टमय टाकाऊ पदार्थ घालून चालणाऱ्या लहान वायुयंत्रासाठी २००६ साली तेच पारितोषिक पुन्हा मिळाले. गुरे नसलेल्या शहरी घरालाही आपल्या उष्ट्यातून जाळ मिळू शकतो, हा त्यातील नवा विचार. इंदूरमध्ये २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या प्रकल्पात तोच विचार नगराच्या मापाने मांडलेला दिसतो. रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याची त्याची क्षमता आहे. मात्र त्याचा पाया यंत्रात नाही. ओला कचरा व सुका कचरा घरातच वेगळा ठेवणाऱ्या इंदूरकरांच्या सवयीत आहे.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली व गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसची जोडणी मिळू लागली. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद येथे, म्हणजे राजूंच्या जुन्या हैदराबाद राज्यातल्याच एका शहरी, देण्यात आली. साडेतीन वर्षांत एवढ्या घरांत निळी ज्योत पोहोचणे ही इतिहासातील मोठीच गोष्ट होय. तरीही अनेक घरांत गॅस चहापुरता आणि भाकरी-पाणी चुलीवर, असा दुहेरी संसार चालू राहिला. दुसरे नळकांडे विकत घेण्याचा पैसा आणि फुकट मिळणारे सरपण यांत हिशेब करणारी बाई मूर्ख नसते. तिच्या हिशेबात स्वतःच्या श्वासाला किंमत लावलेली नसते, एवढेच. ती किंमत समाजाने लावावयाची असते.

मग या दीर्घ इतिहासातून आजच्या घराने काय घ्यावे? पहिला धडा पाण्याचा. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास ७५ किलोकॅलरी पुरतात. तेच पाणी वाफ होऊन उडून जावयाचे असेल तर आणखी ५४०, म्हणजे सातपटींहून अधिक. झाकण न ठेवणे म्हणजे ही सातपट उष्णता थोडीथोडी छताला देणे होय. दुसरा धडा आचेचा. पाणी एकदा उकळले की आच कितीही वाढविली तरी त्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाढते. भात मोठ्या जाळावर लवकर शिजतो ही समजूत उकळी येईपर्यंतच खरी. तिसरा धडा भिजविण्याचा. रात्रभर भिजलेल्या कडधान्याने जे काम पाण्याकडून फुकट करून घेतले, ते विस्तवाकडून विकत घ्यावे लागत नाही. चौथा धडा साठविलेल्या उष्णतेचा. कुकर खाली उतरवून दाब आपोआप उतरू दिला, किंवा उकळते भांडे जाड कापडात गुंडाळून ठेवले, तर शेवटची काही मिनिटे विस्तवावाचून भागतात. पाचवा धडा स्वच्छतेचा. बर्नरची भोके बुजली व ज्योत पिवळी झाली, की आधुनिक शेगडीही जुन्या चुलीसारखी धूर करू लागते. भांड्याच्या बुडाची काजळी ही त्या उधळपट्टीची पावती समजावी.

विजेच्या घरालाही हेच नियम लागू पडतात. मगनदीपाचा हेतू कमी खर्चात पुरेसा उजेड हा होता. आज ६० वॅटच्या जुन्या दिव्याइतका उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. बंबाच्या भोवती घरातल्या माणसांनी एकामागून एक स्नाने उरकण्याची जुनी शिस्त आजच्या गीझरलाही मानवते, कारण तापवून ठेवलेले पाणी वाट पाहत असताना थंड होत राहते. साधने बदलली तरी तोच एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो: पेटविलेल्या विस्तवाने काम किती केले आणि तो निसटला किती?

काटकसर या शब्दाला अलीकडे कंजूषपणाचा वास येऊ लागला आहे. चुलीचा इतिहास पाहता तो अर्थ खरा नाही. मगनवाडीच्या कार्यकर्त्यांनी, हैदराबादच्या अभियंत्याने आणि नाडा गावातील बायकांनी जे वाचवू पाहिले, त्यात लाकूड होते, रॉकेल होते, पण त्याहून अधिक चुलीपुढे बसणाऱ्या माणसाचे आयुष्य होते. जेथे फक्त जळणाचा हिशेब झाला, तेथे चुली मोडल्या. जेथे स्वयंपाक करणारीला तिचे म्हणणे विचारले गेले, तेथे काही तरी टिकले. वैलाची रचना पिढ्यानुपिढ्या का टिकली, याचेही उत्तर बहुधा यातच आहे. ती कोणी बाहेरून आणून दिलेली नव्हती. जी रांधत होती, तिनेच ती आपल्या हाताने लिंपलेली होती.